गुलाबच्या माडावरचा कुकारा

"काय गो मथू, गुलाबच्या माडार आज पण मुको चडलो काय?"

पास्कूमामाने रिकामा ग्लास पुढे सरकवला आणि एक डोळा मिटला. मी माडी ओतत होते. फेस ग्लासाबाहेर आला आणि फळीवरून माझ्या पायावर सांडला.

"गप पी, मामा. घसो बसलो आसा तेंचो," मी म्हटलं.

"सकाळी तर बरो होतो घसो. तुमच्या परड्यात कसो खणखणीत वाजलो! सांज झाली, गुलाबचा परडा इला, की बसता."

दुकानात सगळे हसले. मीही हसले, कारण गिऱ्हाइकासमोर रडायचं नसतं हे सासूने मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. पण पोटात आग पडली होती. ती त्या दिवशीची नव्हती, दिवाळीपासूनची होती.

आता त्या दुकानाच्या जागी माझ्या मुलाने पर्यटकांसाठी चार खोल्या बांधल्यात. येणाऱ्याला सोलकढी मिळते, माडी मिळत नाही. जुन्या दुकानाची एकच भिंत त्याने ठेवली आहे, आणि तिच्यावर दोन कोयत्या टांगल्या आहेत. मुंबईचे पाहुणे विचारतात, एक तुमच्या वडिलांची, मग दुसरी कोणाची? मुलगा म्हणतो, ते आईला विचारा. मी मासे साफ करत असले तर सांगत नाही. हात रिकामे असले तर सांगते.

खारवाडीत तेव्हा घराघराला न्हाणी होती, पण तिला छप्पर नव्हतं. माडाच्या झापांचे चार आडोसे, वर आभाळ. आता माडी काढणारा माणूस दिवसातून दोनदा माडावर चढणार, आणि वर गेलं की सगळ्या वाडीची परडी त्याला तळहातावरच्या रेषांसारखी दिसणार. म्हणून नेम असा की, माडाला पाय लावला की कुकारा घालायचा. मोठी, लांबलचक हाळी. ती ऐकली की न्हाणीतली बाई लुगडं ओढून घ्यायची, आणि मग तो वर जायचा. ज्याने कुकारा घातला नाही त्याला वाडीत कोणी माड देत नसे. माडीवाल्याची सगळी अब्रू त्या हाळीत होती.

प्रत्येकाचा कुकारा वेगळा. गुलाबचा नवरा केशव शेवटी असा एक मुरका घ्यायचा की कुत्रीसुद्धा कान टवकारायची. आमच्या ह्यांचा, म्हणजे लवू मयेकरांचा, सरळ वर चढत जायचा आणि वरच कुठेतरी विरायचा. मी वाडीतल्या माझ्या सख्ख्या मामाकडे राहायला आले होते तेव्हा पहिल्यांदा तो ऐकला. माणूस पाहिलाच नव्हता. मामीला म्हटलं, हा आवाज कोणाचा? मामी शहाणी, तिने महिन्याभरात लग्न जुळवलं. मग दुकानात उभी राहून मी संध्याकाळचे कुकारे ऐकायची आणि गिऱ्हाइकांना सांगायची, "आता आमचे ह्ये विहिरीकडच्या माडार. आता गुलाबच्या." आमच्या परड्यातले माड ठेंगणे, त्यांचं काही विशेष नाही. गुलाबच्या परड्यातले तीन माड मात्र उंच, थेट दर्याचा वारा खाणारे. त्यांची माडी पिण्यासाठी माणसं मालवणाहून सायकली मारत यायची. आमचं दुकान त्या तीन माडांवर उभं होतं म्हटलं तरी चालेल.

त्यातल्याच एका माडावरून केशव पडला. हे तेव्हा शेजारच्या माडावर होते. दोघे लहानपणापासूनचे दोस्त. ह्यांनी पाहिलं, आणि ते खाली उतरेपर्यंत सगळं संपलं होतं. गुलाबच्या पदरात पाच वर्षांची मुलगी. तिचे माड ह्यांनी खंडाने घेतले, माडीचा वाटा तिला पोचू लागला, त्यावर तिची चूल पेटायची. त्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती. खरं तर मीच तिला भाजी, मासळी नेऊन द्यायची. मला तेव्हा मूल नव्हतं. तिच्या पोरीची वेणी घालायला मला आवडायचं.

पण दिवाळी झाली आणि तिच्या परड्यातला कुकारा बंद पडला. मडकी भरून येत होती, माडी तशीच गोड होती, फक्त हाळी नव्हती. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "घातलंय गो, वाऱ्यान गेलो आसतलो." वारा आमच्याच बाजूला वाहत होता.

हाळी न देता माणूस बाईच्या परड्यातल्या माडावर चढतो, याचे अर्थ दोनच. एक तर त्याला चोरून बघायचं आहे. नाही तर बघायला चोरी उरलेली नाही. दुसरा अर्थ मला जास्त पटला, कारण त्याचा पुरावा ह्यांच्या सदऱ्याला होता. संध्याकाळचा सदरा घामाने भिजलेला असायचा आणि त्याला माक्याच्या तेलाचा वास यायचा. आमच्या घरात माक्याचं तेल नव्हतं. ते गुलाब घरी काढायची, तिचे केस गुडघ्यापर्यंत होते. एक दिवस त्या सदऱ्याच्या कॉलरला तिचा एक लांबच लांब केस सापडला. मी तो बोटाला गुंडाळून पाहिला. गुंडाळता गुंडाळता बोट काळं झालं. माझे स्वतःचे केस उंदराच्या शेपटीएवढे. तो केस मी देवाच्या फळीखाली कागदात बांधून ठेवला, आणि रोज दिवा लावताना तिकडे बघायची. देवाकडे बघायचं राहूनच जायचं.

पास्कूमामाने डोळा मिटला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी कुसुमकाकी आली. तिची न्हाणी गुलाबच्या कुंपणाला लागून. दारातूनच म्हणाली, "मथू, तुज्या घोवाक आवर. कुकारो नाय, काय नाय, मी आंग धुतंय आणि वर झापां हलतत. मी आबा गावकाराक सांगलंय. आज सांजचे ते दुकानार येतत इचारूक."

"आबांका कित्याक सांगलंस? माका सांगूचा होतास!"

"तुका तरी काय म्हायत आसा? सगळ्या वाडयेक म्हायत आसा ता तुकाच म्हायत नाय."

ती गेली. मी कालवांची कढई चुलीवरून उतरवली. आबा गावकार म्हणजे साधा माणूस नव्हे, वाडीचे निवाडे तेच करायचे. त्यांनी एकदा सांगितलं की ह्यांना माड नाहीत, माड नाहीत तर दुकान नाही. पण खरं सांगते, दुकानाचा विचार माझ्या मनात नंतर आला. आधी मनात हेच आलं की, आज मी दोघांना पकडणार, आणि मग माझी पत्र्याची ट्रंक घेऊन देवबागेला आईकडे जाणार ती कायमची.

संध्याकाळी हे मडकी, दोरी, कोयती घेऊन गेले. मी पास्कूमामाला म्हटलं, "मामा, जरा दुकान बघ." चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्या आणि निघाले. हातात काही घेतलं नव्हतं. तोंड होतं, ते पुरेसं होतं.

गुलाबच्या न्हाणीच्या आडोशामागून मी परड्यात डोकावले. हे माडाखाली नुसत्या बनियनवर उभे होते. अंगात सदरा नव्हता. मला जे बघायचं होतं ते दिसलं असं वाटून माझे कान तापले. मी तोंड उघडलं. मग दिसलं की ह्यांचे दोन्ही हात वर आहेत, जसं कोणाला झेलायला उभं राहावं तसे, आणि नजर माडाच्या शेंड्याला लागली आहे. मी वर बघितलं. झापांमध्ये ह्यांचा सदरा होता. निळ्या चौकटींचा, मीच मालवणच्या बाजारातून आणलेला.

हे खाली होते. मग सदऱ्यात कोण होतं?

ह्यांनी मला पाहिलं. एक हात तसाच वर ठेवून दुसऱ्याचं बोट ओठांवर ठेवलं. इतकं कळवळून ठेवलं, की जन्मात पहिल्यांदा मी गप्प राहिले. वरचं माणूस पोय, म्हणजे माडी झरते तो माडाचा कोवळा फुलोरा, तासत होतं. डोक्याला पंचा बांधलेला, लुगड्याचा कासोटा घट्ट मारलेला, पायात दोरीचा फास. मडकं कमरेला अडकवून ते खाली येऊ लागलं. हे हळूच सांगत होते, "डावो पाय. आता खाच. हां, बरा. वाईच थांब." मी आडोशाला धरून उभी होते. त्या वेळी मी ओरडले असते तर काय झालं असतं, हे मला आजही स्वप्नात दिसतं.

पाय जमिनीला लागले आणि पंचा सुटला. केस खाली आले ते गुडघ्यापर्यंत.

"मथू," गुलाब म्हणाली. तिने मडकं खाली ठेवलं आणि घाईघाईने सदऱ्याची बटणं काढू लागली, जणू मी सदऱ्यासाठीच आले होते.

मी ह्यांच्याकडे वळले. "काय ह्या?"

"माका ह्या उंच माडांर जावक जमना नाय, मथू."

"कदीपासून?"

"दिवाळीपासून. अर्ध्यार गेलंय आणि केशवचा त्वांड दिसला. हात सुटाक लागले. वयनीन खालसून बोलत बोलत माका उतरवल्यान."

"माज्या बापाशीक झील नव्हतो," गुलाब म्हणाली. "मी लुगडा नेसूक लागलंय तवसर तेनी माका माडार चडवल्यान. हात इसारले नव्हते. माड सोडले आसते तर आमी मायलेकींनी खावचा काय? आणि तुमी इकूचा काय?"

"म्हंजे हिका सगळा म्हायत," मी ह्यांना म्हटलं. "आणि माका नाय?"

"तुका कसा सांगतलंय?" हे जमिनीकडे बघत म्हणाले. "तू तर कुकारो आयकान लगीन केलंस माज्याशी. माणूस खय बघितलंस?"

 उत्तर सुचलं नाही की मी भांडते. मी म्हटलं, "मगे खालसून एक कुकारो घालूक काय झाला होता? कोणाक कळला आसता? मी अशी जळान मेलंय नसतंय!"

ह्यांनी असं बघितलं, जणू मी देवळात चपला घालून शिरले होते. "वर चडूचा नाय आणि कुकारो घालूचो? बापाशीन सांगलेला आसा, खोटो कुकारो माड आयकता. आणि वर कोण आसा? वयनी. माजो कुकारो खोटो, आणि भोग तिका."

म्हणजे बायकोशी खोटं बोललं तर चालतं, माडाशी नाही. मला त्या क्षणी त्या माडाचासुद्धा राग आला.

हे मडकी उचलायला विहिरीकडे गेले. गुलाबने सदऱ्याची घडी घालून माझ्या हातात दिली. तो ऊन होता आणि त्याला तोच वास होता. मी तिच्याकडे बघत नव्हते.

"वरसून तुजा दुकान दिसता गो," ती म्हणाली. "रोज ह्या येळाक तू दारात येतस, पदर कानामागे घेतस आणि हयसर कान देवन उबी रवतस. मी पण तशीच उबी रवी, केशवचो कुकारो आयकाक. तुका बघलंय की माज्या पोटात तुटता. तुजो हेवो वाटता माका."

दिवाळीपासून मी जिच्यावर जळत होते, ती माडाच्या शेंड्यावर बसून माझ्यावर जळत होती.  मी सदरा घेतला आणि दुकानाकडे धावले, कारण आता आबा गावकार आठवले होते.

आबा आलेच होते. खिडकीजवळच्या बाकावर, पास्कूमामाच्या शेजारी, काठी दोन पायांत धरून. माडी पुढे होती, पण शिवली नव्हती. दुकान भरलेलं. माझ्या मागोमाग हे आले, खांद्यावर मडकी घेऊन.

"लवू," आबा म्हणाले, "बायकांची तक्रार आसा. गुलाबच्या माडार चडताना कुकारो घालीत नाय म्हणतत. खरा काय?"

"खरा," हे म्हणाले.

"कित्याक?"

ह्यांनी मडकी खाली ठेवली. मला ह्यांचा चेहरा माहीत होता. कुकाऱ्याच्या बाबतीत हा माणूस खोटं बोलणार नव्हता. आता तो तोंड उघडणार, आणि उद्यापासून विधवा बाईने काढलेली माडी म्हणून कोणी ग्लासाला हात लावणार नाही, गुलाबला वाडीत तोंड दाखवता येणार नाही, आणि ह्यांना लोक भितरा म्हणणार. एक गोष्ट मनात आली तीही सांगते. आत्ता मी नुसती गप्प राहिले तर गुलाब माझ्या आयुष्यातून जाते. मला काही करावं लागणार नाही.

"ते काय सांगतले?" मी पुढे झाले. "मी बंद केलंय तेंचो कुकारो."

"तू?"

"मी. ह्येंचो कुकारो आयकलो की ती गुलाब परड्यात येवन वर बघता. माका ता खपाचा नाय. मी सांगलंय, थय त्वांड उघडलात तर घरात पाय ठेवूचो नाय."

 मग पास्कूमामाने मांडीवर थाप मारली. "सायबा! बाटलेक बूच मारतत तसा घोवाच्या तोंडाक बूच मारल्यान!" सगळं दुकान हसून लोटपोट झालं. आबासुद्धा हसले. कोणाला शंका आली नाही. यायची कशी? मी जळकुकडी आहे हे खारवाडीतल्या कोंबड्यांनाही ठाऊक होतं. लग्नाच्या वरातीत ह्यांनी करवलीकडे बघितलं म्हणून मी ह्यांच्या पायावर पाय दिला होता.

"ता बरा," आबा डोळे पुसत म्हणाले, "पण आमच्या बायकांनी काय करूचा?"

"उद्यापासून मी वांगडा जातलंय. माडाबुडी उबी रवान मीच आरड घालतलंय. माज्यापरास बरी राखण कोण करतलो?"

आबांनी ग्लास उचलला. निकाल लागला.

दुसऱ्या दिवसापासून मी रोज गुलाबच्या माडाखाली उभी राहून ओरडायला लागले, "माड चडतत गो, आडोशाक व्हा!" मी काही माडावर चढणारी नव्हते, माझ्या ओरडण्याशी माडाला देणंघेणं नव्हतं. गुलाब ह्यांचा सदरा घालून वर जायची, हे खाली हात वर करून उभे राहायचे. मुलगा झाल्यावर त्याला काखेत मारून मी जायची. लोक म्हणायचे, मथू नवऱ्यावर पाळत ठेवते. खरंच होतं ते. ते दोघे पोयीचं, तासण्याचं, वाऱ्याचं बोलायचे. कुठली पोय आज रडली, कुठली रुसली. त्या बोलण्यात मला जागा नव्हती. मी कुंपणाशी उभी राहून दोघांवर लक्ष ठेवायची, आणि सदरा घरी आणला की तो मीच धुवायची.

असं किती वर्षं चाललं ते मोजलं नाही. गुलाबची मुलगी लग्न होऊन गेली. माझा मुलगा शिकायला बाहेर पडला. उंच माड म्हातारे झाले, गुलाबचे गुडघे बोलू लागले, आणि लोकांना बाटलीतली बिअर आवडू लागली. ह्यांनी दुकानाचा परवाना परत करायचं ठरवलं.

शेवटच्या संध्याकाळी दुकान पुन्हा भरलं होतं. पास्कूमामा काठी टेकत आला होता. मी नेहमीप्रमाणे गुलाबच्या परड्यात गेले. दुकानातल्या गर्दीमुळे मला उशीर झाला होता, ती आधीच वर पोचली होती, पांढरे झालेले केस पंच्यात बांधलेले. मी ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"गुलाबवयनी," मी वर बघून म्हटलं, "आज तूच घाल."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. वर बराच वेळ नुसती झापं सळसळली. मला वाटलं, तिने ऐकलं नाही.

मग कुकारा आला. बाईचा आवाज, पण असा लांब की खाडीपलीकडून परत आला. आणि शेवटी त्याने मुरका घेतला. केशवचा मुरका. दुकानातली माणसं ग्लास हातात घेऊन रस्त्यावर आली. पास्कूमामाने कुंपणाशी येऊन वर पाहिलं, सदरा पाहिला, खाली उभे असलेले हे पाहिले. त्याला सगळं कळलं. त्याने डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली.

हे माडाला हात लावून रडले. मी रडले नाही. माझ्या पोटात पूर्वीसारखंच दुखायला लागलं होतं. ज्या कुकाऱ्यावर भाळून मी लग्न केलं, त्याच्यापेक्षा हा चांगला होता. हे मी ह्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.